जुनं दगडी कोठार हाती आलं, तर थापी उचलण्याआधी

शेतावरचा जुना दगडी गोठा किंवा कोठार वारशाने वा खरेदीत हाती आलं, की नव्या मालकाला आधी त्याच्या दरजा दिसतात. माती गळून गेलेली, बोट आत जाईल अशा फटी. मग सिमेंट येतं, दरजा घट्ट भरल्या जातात, आतून गिलावा होतो आणि मातीच्या जमिनीवर काँक्रीट ओततात. हे सगळं माणूस इमारतीवरच्या मायेनेच करतो. पण दीडदोनशे वर्षं कोरडी राहिलेली भिंत त्यानंतर काही वर्षांतच ओल धरते, तिला पोट सुटतं आणि आतली लाकडं कुजू लागतात.

याचं कारण एकदा नीट समजलं की बाकीचं काम सोपं होतं. आजची भिंत पाण्याला आत येऊ न देता कोरडी राहते. जुनी दगडी भिंत भिजते आणि वाळते. ती वाळते मुख्यतः दरजांमधून, कारण दगडापेक्षा चुना आणि माती जास्त सच्छिद्र असतात. दरज सिमेंटने बुजली की पाणी बारीक तड्यांतून आत जातच राहतं, बाहेर यायची वाट मात्र बंद होते. मग ते दगडातूनच बाहेर पडू बघतं. गारठ्याच्या प्रदेशात तिथेच गोठतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी सोलून काढतं. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी इमारत कशासाठी होती ते ओळखा

हत्यारं बाजूला ठेवा. वही आणि विजेरी घेऊन आत जा, आणि प्रत्येक भोक, प्रत्येक खाच कशासाठी असेल ते स्वतःला विचारत राहा. शेतावरच्या इमारतीत शोभेसाठी सहसा काही केलेलं नसतं, त्यामुळे या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

लांबट इमारतीच्या दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर मोठे दरवाजे असतील, तर ते मळणीचं कोठार. दोन दरवाजांच्या मधे खळं असायचं. दोन्ही उघडले की आरपार वारा सुटायचा आणि त्यात धान्य उफणलं जायचं. भिंतीत बाहेरून चार बोटं रुंद आणि आतून हात-दीड हात पसरट अशा उभ्या फटी दिसतील. त्यांतून हवा खेळते, पाऊस फारसा आत येत नाही, आणि भिंतीची ताकदही कमी होत नाही. वर त्रिकोणी भिंतीच्या टोकाशी एखादं गोल किंवा चौकोनी भोक असेल, तर ते बहुधा घुबडाचं. उंदीर मारणारं घुबड आत यावं म्हणून शेतकरी मुद्दाम ती वाट ठेवायचे. कोठाराला चिकटून गोल किंवा बहुकोनी दालन असेल, तर तिथे घोडे गोल फिरून मळणीयंत्र चालवत असण्याची शक्यता मोठी. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने १७८६ मध्ये चालणारं मळणीयंत्र बनवलं आणि त्यानंतर ब्रिटनच्या उत्तर भागात अशी दालनं ठिकठिकाणी उभी राहिली. जुन्या भिंतीला ती नंतर जोडलेली असली तर सांधा स्पष्ट दिसतो. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतात, वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ दिसते. अशी रेघ कुठेही दिसली की समजा, इथे दोन काळ भेटतात. ती बुजवू नका.

इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये, विशेषतः स्वेलडेलच्या खोऱ्यात, कुरणाकुरणात एकेक लहान दगडी गोठा उभा आहे. एकट्या स्वेलडेल आणि आर्कनगार्थडेलच्या परिसरात अशांची संख्या हजाराच्या आसपास आहे. खाली हिवाळाभर चारसहा गुरं बांधलेली, वर माळ्यावर त्याच कुरणातलं वाळलेलं गवत. शेण त्याच कुरणात पसरायचं. गवत लांब वाहून न्यायला नको, खतही नको. हा हिशेब डोक्यात घेऊन आत गेलात की वरची लहानशी खिडकी खिडकी राहत नाही, ती गवत आत फेकायची वाट होते. माळ्यातली मोकळी जागा म्हणजे गवत खाली गव्हाणीकडे ढकलायची वाट. दुरुस्ती करताना नेमक्या याच गोष्टी ‘निरुपयोगी’ म्हणून पहिल्या काढल्या जातात.

धान्याचं कोठार तर जमिनीवर टेकतच नाही. छत्रीसारखं डोकं असलेल्या दगडी खांबांवर ते उभं असतं. उंदीर खांब चढतो, पण छत्रीच्या खालच्या बाजूने उलटं चालत बाहेर येऊ शकत नाही. स्पेनच्या गॅलिसियात हेच काम खांबांवर आडवे ठेवलेले सपाट दगड करतात. तिथल्या कार्नोटा गावातलं अठराव्या शतकातलं कोठार सुमारे ३५ मीटर लांब, अरुंद आणि दगडी आहे, आणि त्याच्या भिंतींमध्ये मक्याची कणसं वाळावीत म्हणून फटी ठेवलेल्या आहेत. असं कोठार हाती आलं आणि त्याला पायऱ्या कायमच्या बांधून जोडल्या, तर उंदरांसाठी पूल तयार होतो. मूळ पायऱ्या म्हणूनच हातभर अलीकडे थांबतात किंवा शिडीसारख्या हलत्या असतात.

भिंतीची रचना

बाहेरून एक वाटणारी भिंत प्रत्यक्षात दोन भिंती असतात. बाहेरचं तोंड, आतलं तोंड आणि मधे लहान दगडांची भर. जाडी बहुतेक वेळा ५० ते ६० सेंटिमीटर. कोरड्या रचाईत, म्हणजे गडग्यासारख्या बिनचुन्याच्या भिंतीत, दोन्ही तोंडं वर जाताना थोडी आत झुकतात. या ढाळामुळे भिंत स्वतःच्याच अंगावर रेलते. चुना-मातीच्या उंच भिंती बऱ्याचदा ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या असतात.

या दोन तोंडांना एकत्र धरतात ते आरपार दगड. एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत पोचणारा एकसंध लांब दगड. शेतावरच्या बिनचुन्याच्या भिंतीत साधारण दर अर्ध्या-पाऊण मीटर उंचीवर, मीटर-मीटर अंतराने ते सापडतात. काही ठिकाणी ते मुद्दाम बाहेर डोकावतात. नव्या मालकाला ते ओबडधोबड वाटतात आणि तो टोकं तासून घेतो. कृपा करून असं करू नका. तासताना बसणाऱ्या हादऱ्याने तो दगड त्याच्या जागी सैल होतो, आणि भिंतीची कडी म्हणून त्याचं काम तिथेच संपतं.

दगड जोडणारा मसाला काय आहे हे बोटाने तपासा. पुष्कळ शेतघरांत आतल्या गाभ्यात साधी चिकणमाती असते आणि फक्त बाहेरच्या दोन बोटांत चुन्याची दरज. ही काटकसर आहे, निकृष्ट काम मुळीच नाही. चुना भाजायला इंधन लागायचं, माती पायाखाली होती. बाहेरची चुन्याची पट्टी गेली की पाऊस मातीचा गाभा धुऊन नेतो, म्हणून त्या पट्टीची निगा सर्वात आधी घ्यायची. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये घेतलं. शेतावरच्या साध्या इमारतींपर्यंत ते पोचायला त्यानंतर बराच काळ गेला. तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या गोठ्यात राखाडी, टणक मसाला दिसला तर तो बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा.

दगड कुठला हेही पाहा. बैलगाडीने दगड लांबून आणणं शेतकऱ्याला परवडत नसे, म्हणून भिंतीत आजूबाजूच्या जमिनीचा भूगोलच दिसतो. गाळाचा दगड, म्हणजे वालुकाश्म किंवा चुनखडक, जमिनीत ज्या थराने निजलेला होता त्याच थराने भिंतीत निजलेला असला पाहिजे. थर उभे करून लावलेला दगड पुस्तकाच्या पानांसारखा सुटत जातो. बेसॉल्ट किंवा ग्रॅनाइटमध्ये ही अडचण नसते.

एक पूर्ण वर्ष पाण्याच्या मागे

या पायरीत नवखे सगळ्यात जास्त घाई करतात, आणि मी सगळ्यात जास्त आग्रह इथेच धरेन. जोरदार पाऊस चालू असताना इमारतीभोवती चालत जा. वळचणीचं पाणी कुठे पडतं? पागोळ्या भिंतीच्या पायाशीच खळगा करतात का? पन्हळ फुटली आहे का? बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आली आहे का? शेणखत, पालापाचोळा आणि माती साचून शंभर वर्षांत ती हात-दोन हात सहज चढते, आणि जे जोतं उघडं असायला हवं ते ओल्या मातीत गाडलं जातं. ही माती खणून उतरवणं, थोडा ढाळ देऊन पाणी दूर नेणं आणि पन्हळ दुरुस्त करणं, एवढ्यानेच अनेक ‘ओल्या’ भिंती वाळतात. मात्र खणताना पायाच्या दगडांच्या खाली जाऊ नका. जुन्या शेतघरांचा पाया उथळ असतो, कधी कधी मोठे दगड नुसते घट्ट मुरमावर बसवलेले असतात.

भिंतीवर पांढरा लोणा दिसला तर गोठ्याचा इतिहास आठवा. वर्षानुवर्षं गुरांचं मूत आणि शेण भिंतीत मुरलेलं असतं, त्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन फुलतात. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात.

तडे आणि फुगवटे मोजून ठेवा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलच्या खुणा करून अंतर आणि तारीख लिहा, दर महिन्याला पुन्हा मोजा. जो तडा वर्षभर हलला नाही तो जुना, शांत झालेला तडा. त्याला फक्त चुना हवा. जो वाढतोय त्याच्यासाठी जुन्या दगडी कामाचा अनुभव असलेला अभियंता बोलवा. पोट सुटलेल्या भागावर लाकडी दांड्याने हलके ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आतली भर खाली बसली आहे आणि दोन तोंडं वेगळी झाली आहेत.

याच वर्षात परवानग्यांचंही पाहून घ्या. इमारत वारसा म्हणून नोंदलेली असेल तर काम सुरू करण्याआधी लेखी मंजुरी लागते. वटवाघळं आणि घुबडं यांना अनेक देशांत कायद्याचं संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये तर वटवाघळं त्या वेळी आत नसली तरी त्यांचं ठिकाण मोडता येत नाही.

चुना हाताळताना

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो आणि विझतो. पुढे भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. हे चक्र लक्षात असलं की सगळ्या सूचना आपोआप कळतात. घट्ट व्हायला त्याला हवा हवी आणि ओलावाही हवा, म्हणून पातळ थर द्यायचा आणि तो सावकाश वाळू द्यायचा.

कळीचा चुना स्वतः विझवायच्या फंदात नवख्याने पडू नये. तो डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्वचा भाजते. विझवून काही महिने मुरवलेला लोण्यासारखा चुना तयार मिळतो, तो घ्या. पाण्यातही घट्ट होणारा जलीय चुना गोणीत येतो, त्यावर २, ३.५ किंवा ५ असा आकडा असतो. तो आकडा ताकदीचा आहे, आणि मोठा आकडा म्हणजे चांगला चुना असं अजिबात नाही. मसाला नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. भिंत हलली तर दरज तडकावी, दगड नाही. दरज पुन्हा भरता येते.

दरज भरायची रीत अशी. सैल झालेला मसाला हाताने, अरुंद छिन्नीने काढा. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट हवी, आणि २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. यंत्राची चकती वापरू नका, ती दगडाच्या कडा कापते आणि ती खूण कायमची राहते. आत पाणी शिंपडून धूळ धुवा, दगड ओलसर असू द्या पण पाणी ओघळत नको. एक भाग चुना आणि तीन भाग धारदार, लहानमोठ्या कणांची वाळू घ्या. मऊ, एकसारख्या कणांची वाळू आकसून तडकते. मसाला घट्टच ठेवा, थापी उलटी केली तरी चिकटून राहील इतका. रुंद फटीत आधी चिपा ठोकून मग मसाला दाबा. भरलेली दरज बोट टेकवल्यावर उमटेल पण चिकटणार नाही अशी झाली, की ताठ केसांच्या ब्रशने ठोकून घ्या. पृष्ठभाग खडबडीत होतो, दाबला जातो आणि वाळायला जास्त जागा मिळते. मग ओलं गोणपाट टांगून ठेवा, काही दिवस उन्हावाऱ्यापासून जपा, अधूनमधून पाण्याचा फवारा मारा. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर त्या मोसमात चुन्याचं काम काढू नका.

आणि दरज दगडाच्या तोंडाच्या किंचित आत ठेवा. दगडावर पसरलेला, रेघ मारून उठवलेला मसाला पाणी अडवून धरतो.

ढासळलेला भाग पुन्हा रचताना

आधी फोटो. मग पडलेले दगड जातवार लावा: कोनाचे चौकोनी दगड एकीकडे, आरपार दगड दुसरीकडे, तोंडाचे दगड आकाराप्रमाणे रांगेत, भर वेगळी. यात अर्धा दिवस जातो असं वाटेल, पण पुढचे कितीतरी तास वाचतात. वजनाचा अंदाज ठेवा. अर्धा मीटर जाड भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये साधारण एक टन दगड असतो. दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड अशी छावणी, म्हणजे दरवाजावरचा आडवा दगड, २३० किलोच्या घरात भरते. ती दोन माणसांनी उचलायची वस्तू नाही. छावणीखालचा आधार काढण्याआधी धिरे लावा, आणि तिच्यावर भार वळवणारी कमान आहे का ते पाहा.

उभी भिंत पायऱ्यांसारखी टप्प्याटप्प्याने मोकळी करत घट्ट भागापर्यंत जा, म्हणजे नवीन रचाई जुन्यात गुंतवता येईल. दोन्ही तोंडांना दोरी बांधा. मोठे दगड खाली. प्रत्येक दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाऊ द्या. लांब बाजू तोंडावर आडवी लावली की थोड्या दगडांत जास्त भिंत दिसते, तो मोह होतोच, पण असा दगड नुसता चिकटलेला असतो, धरलेला नसतो. दोन दगडांवर एक, एकावर दोन. उभा सांधा सरळ वर चढू देऊ नका. दगड हलत असेल तर चीप मागच्या बाजूने, आतून घाला. बाहेरून ठोकलेली चीप निसटते. कोनावर दगड आळीपाळीने फिरवा: एक या भिंतीत लांब, त्यावरचा त्या भिंतीत.

भर म्हणजे फावड्याने लोटलेला कचरा समजू नका. प्रत्येक थराबरोबर हाताने एकेक दगड बसवत भर घाला, त्यात सुटी माती-वाळू टाकू नका. ती खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते. मी पहिल्यांदा रचलेला भिंतीचा तुकडा समोरून देखणा होता. दोन हिवाळ्यांनी त्याला पोट आलं. उघडून पाहिलं तर भर निम्मी खाली सरकलेली, आणि कमरेच्या उंचीवर एकही आरपार दगड नव्हता. तेव्हापासून मी आरपार दगड आधी मोजून बाजूला ठेवतो आणि मगच पहिला थर लावतो.

काही इमारतींत छप्परही कोरड्या दगडाचंच असतं. इटलीतल्या अल्बेरोबेल्लोची शंकूसारखी ‘त्रुल्ली’ (जागतिक वारसा यादीत १९९६ पासून), फ्रान्समध्ये गोर्दजवळच्या ‘बोरी’, वेल्समधले डुकरांचे गोल गोठे. प्रत्येक कडं खालच्यापेक्षा थोडं आत सरकवत नेतात, आणि दगड बाहेरच्या बाजूला किंचित कलता ठेवतात म्हणजे पाणी बाहेर ओघळतं. असं छप्पर स्वतः उघडू नका. ही रचाई करणारे हात आजही आहेत. कोरड्या दगडी रचाईची कला युनेस्कोने २०१८ मध्ये आठ युरोपीय देशांच्या नावे अमूर्त वारशात नोंदवली. अशा कारागिराबरोबर आठवडाभर नुसते दगड निवडायला बसलात तरी हाताला खूप समजतं.

छप्पर आणि लाकूड

दगडी पातळ फरश्यांच्या छपरात वळचणीला सर्वात मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या ओळी असतात. उतरवताना प्रत्येक ओळ खुणेनिशी वेगळी ठेवा. इंग्लंडमधल्या कॉलीवेस्टनला चुनखडकाचे ओले ठोकळे हिवाळ्यात उघड्यावर ठेवत आणि गोठणाऱ्या पाण्याकडून ते फोडून घेत. अशी फरशी सहज परत मिळत नाही. छपराचं वजन भिंतींना खाली दाबून स्थिर ठेवतं, म्हणून जड फरश्या काढून हलका पत्रा टाकण्याआधी विचार करा.

तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे टोकदार सळीने टोचून बघा, कुजणं तिथूनच सुरू होतं. ऑक्सफर्डशरमधलं ग्रेट कॉक्सवेलचं मठाचं कोठार १२९२ च्या सुमाराचं, तरी त्याचे ओकचे खांब आजही उभे आहेत. ते उंच दगडी ओट्यांवर ठेवलेले आहेत, जमिनीची ओल लाकडापर्यंत पोचतच नाही. तुमच्या तुळईचं टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून त्याच जातीचं लाकूड सांधा, आणि टोकाभोवती हवा खेळेल अशी बोटभर जागा सोडा. तिथे मसाला ठासू नका.

काम संपल्यावरच्या पहिल्या मोठ्या पावसात विजेरी घेऊन पुन्हा आत जा. तुळयांची टोकं, कोन, नव्या-जुन्या रचाईचा सांधा आणि छावण्यांच्या वरची जागा हाताने चाचपा. ओल लागली तर वहीत तारीख लिहा आणि चार कोरड्या दिवसांनी तिथेच परत हात लावा. जागा वाळलेली असेल तर काहीही करू नका. ओलीच असेल तर बाहेर जाऊन आधी पन्हळ आणि वळचण पाहा, मग दरजांकडे या.